दहा मिनिटांत येतो

दिवाळी अंकाचा लेख चकलीसारखा खुसखुशीत हवा, असे संपादकांचे पत्र दरवर्षी श्रावणातच येते. एरवीही या पानावर मी माझ्या फजित्याच सांगत असतो. विसरलेली छत्री, चुकलेली लोकल, बी. ए.च्या मुलांपुढे तास संपेपर्यंत शिकवलेला एम. ए.चा धडा. वाचक हसतात, आणि आमची ही म्हणते, "तुमच्या वेंधळेपणाचं मानधन मिळतं, एवढं एक बरं आहे." एक फजिती मात्र मी वर्षभर लिहिली नव्हती. हिची परवानगी नव्हती असे नाही. लिहायला बसलो की माझाच हात अडे. यंदा लिहितो. पहिला अर्धा भाग हसण्यासारखा आहे. दुसऱ्याचे तुमचे तुम्ही पाहा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमची लेक शिक्षणासाठी नागपूरला गेली आणि डोंबिवलीतले आमचे दोन खोल्यांचे घर एकाएकी वाड्याएवढे झाले. अठरा वर्षे आम्ही उभयतां जे काही बोललो, ते तिच्याविषयी, तिच्यादेखत किंवा तिला ऐकू जाऊ नये अशा बेताने. आता रात्री दोनच ताटे. "पोळी?" "अर्धी." "आमटी?" "पुरे." एवढ्यावर संवाद संपे आणि मग पंखा ऐकू येई. पंधरा-वीस दिवस असे गेल्यावर ही म्हणाली, "कुठंतरी जाऊन येऊ या का दोन दिवस?"

तिच्या मनात एखादे थंड हवेचे ठिकाण, व्हरांडा, वेताची खुर्ची आणि दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा, असे होते हे मला फार उशिरा कळले. मी त्या आठवड्यात वर्गावर चांगदेव शिकवत होतो. चांगदेव आपल्याला ठाऊक असतात ते वाघावर बसून आलेले, आणि ज्ञानदेवांना मायना काय लिहावा हे न सुचल्यामुळे कोरा कागद पाठवणारे. त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचे उत्तर गेले, तीच 'चांगदेव पासष्टी'. पण चांगदेवांच्या नावावर 'तत्त्वसार' म्हणून एक ग्रंथही आहे. तो शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ मध्ये, हरिश्चंद्रगडावर लिहिला गेला. दंतकथेतले चांगदेव आणि हे चांगदेव एकच की निराळे, या प्रश्नावर मी दरवर्षी एक तास घालवतो. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही तो गड पाहिलाय?"

वीस वर्षे मी त्या गडावर तास घेत होतो. पाहिला मात्र नव्हता.

त्यामुळे हिने 'कुठंतरी' म्हणताच माझ्या तोंडून निघून गेले, "हरिश्चंद्रगड!"

"तिथं राहायची सोय?"

"गुहा आहेत."

हिने आमटीचा डाव पातेल्यात ठेवला आणि माझ्याकडे नुसते पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मी 'संमती' असा घेतला. अर्थ लावणे हा माझा धंदाच आहे.

तयारी आम्ही आपापल्या परीने केली. मी ग्रंथालयातून किल्ल्यांवरची तीन पुस्तके आणली आणि त्यांतल्या एका नकाशाची झेरॉक्स काढून घडी घालून खिशात ठेवली. ही एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तिने वहीच्या पानावर यादी केली आणि यादीतल्या वस्तूंवर एकेक करून खुणा केल्या. विजेरी, कपडे गुंडाळायला प्लास्टिकच्या पिशव्या, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा स्टीलचा डबा, ग्लुकोजची बिस्किटे, आणि सर्वांत शेवटी शाळेच्या क्रीडादिनाची, काळ्या नाडीत ओवलेली शिट्टी.

"ही कशाला? मी काय तुझ्या शाळेतला आहे?" मी म्हणालो.

"शाळेतली मुलं रांग सोडून जात नाहीत," ती म्हणाली.

सोमवार, २३ सप्टेंबर हा दिवस ठरला. शनिवार-रविवारी गडावर जत्रा भरते असे ऐकले होते, म्हणून आडवार निवडला. पितृपक्ष चालू होता. शेजारच्या आजी दारात येऊन म्हणाल्या, "पंधरवड्यात कुठं निघालात डोंगरावर?" मी त्यांना हसून म्हणालो, "पूर्वजांनाच भेटायला, आजी." आता ते वाक्य आठवले की अंगावर काटा येतो, तेव्हा मोठा विनोद वाटला होता.

कल्याणहून आळेफाट्याकडे जाणारी पहाटेची एस. टी. मिळाली. माळशेज घाटात धबधबे थेट रस्त्यावर उतरत होते. खिडकीशी बसलेली ही लहान मुलीसारखी एकेक धबधबा मोजत होती. घाट संपल्यावर खुबी फाट्याला उतरलो आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरची वाट धरली. डाव्या-उजव्या हाताला पाणी आणि हिरवळ, कडेने पिवळी सोनकी फुललेली, आणि समोर जिथे गड असायला हवा तिथे ढगांची भिंत. खिरेश्वरच्या नागेश्वर मंदिराचे कोरीव छत पाहताना मी यादवकालीन महाराष्ट्र या विषयावर इतका रंगलो की ते छत आणि मी मिळून एक तास खाल्ला. तो तास पुढे संध्याकाळी फार महाग पडला.

गावात ज्या घरी चहा घेतला, तिथले गृहस्थ साठीचे असावेत. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, पायांत प्लास्टिकच्या चपला. ही त्यांना लगेच 'मामा' म्हणू लागली. परत याच वाटेने उतरायचे म्हणून जादा कपड्यांची एक पिशवी आम्ही त्यांच्याच घरी ठेवली. मामांनी वर नजर टाकली आणि म्हणाले, "वर धुकं लय हाय, सायेब. खिंडीपतोर वाट सरळ हाय, फुडं माळावर वाटा लय फुटत्यात. मी येतो संगं. पाचशे द्या."

"नकाशा आहे," मी खिसा थोपटून म्हणालो.

"न्यावं त्यांना," ही हळूच म्हणाली.

आता खरे सांगतो, प्रश्न पाचशे रुपयांचा नव्हता. अठरा वर्षांनी आम्ही दोघेच निघालो होतो आणि या प्रवासात मला हिच्यापुढे मिरवायचे होते. मामा बरोबर असले असते तर पुढे मामा चालले असते.

तोलार खिंडीपर्यंत सारे यथास्थित झाले. खिंडीत वाघाचे एक जुने दगडी शिल्प आहे. ही त्याच्यापुढे वाकून उभी राहिली आणि मी चांगदेवांच्या वाघाचा संबंध जोडून दाखवला. तसा काही संबंध असल्याचे कुठे लिहिलेले नाही. पुऱ्या खाल्ल्या. खिंडीतून गडाकडे वळले की चढाचा उघडा कातळ लागतो आणि धरायला लोखंडी कठडे बसवले आहेत. पावसाने तो कातळ साबणासारखा झाला होता. ही कठडा धरून, एकदाही खाली न पाहता, तोंडाने काहीतरी पुटपुटत वर गेली. मागाहून समजले की ती सतराचा पाढा म्हणत होती. मी तीनदा खाली पाहिले आणि तिन्ही वेळा माझे गुडघे हलले.

कातळ संपला की पोचलो, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात खरे चालणे तिथून सुरू होते. बालेकिल्ला एका अंगाला ठेवून, टेकाडे चढत-उतरत, ओढे आणि झाडी ओलांडत मंदिराकडे जायचे असते, आणि प्रत्येक टेकाड मागच्याची नक्कल असते. हा गड १४०० मीटरांहून उंच आहे आणि कोकणाच्या काठावर उभा आहे. खालून येणारा ओला वारा कड्याला धडकून वर चढतो आणि वर आला की थंड होऊन ढग होतो. पुस्तकातल्या या वाक्यात आपण जेव्हा स्वतः उभे असतो तेव्हा ते निराळे वाचले जाते. साडेतीनच्या सुमारास समोरचे झाड गेले. मग हिच्या रेनकोटचा लाल रंग फिका झाला. दहा पावलांच्या पलीकडे जगात काही उरले नाही.

खिशातली झेरॉक्स बाहेर काढली तर तिचा लगदा झाला होता. फोनला रेंज नव्हती, आणि पडद्यावर पाणी पडले की बोट फिरवूनही तो ढिम्म हलत नाही, हे ज्ञान मला तिथे झाले. गुरांच्या पायवाटा सगळीकडे. एकीवरून गेलो, ती गवतात संपली. दुसरी ओढ्यात उतरली. पावणेपाच वाजता आम्ही एका मोठ्या काळ्या दगडापाशी आलो आणि ही म्हणाली, "इथं आपण मघाशी येऊन गेलो. तो बिस्किटाचा तुकडा माझ्याच हातून पडलेला आहे."

मी चिडलो. माणूस चुकला आणि त्याची चूक पुराव्यानिशी दाखवली की चिडतो, तसा.

"तू इथं थांब. मी पुढं जाऊन वाट बघून येतो."

"नको. जाऊ तर दोघं जाऊ."

"तुझ्या पायात गोळे आलेत. बस दगडावर. दहा मिनिटांत येतो."

ती काही बोलली नाही. बोलणार होती असे मला वाटले, पण मी तोपर्यंत वळलो होतो.

पाच मिनिटे सरळ गेलो. वाट मिळाली नाही. मागे वळलो आणि तितकाच सरळ परत आलो. निदान माझ्या हिशेबाने सरळ. काळा दगड होता. त्याच्यावर ही नव्हती. हाक मारली. मग दिसले की दगडाला शेवाळ आहे. आमच्या दगडाला नव्हते. पुढे आणखी एक काळा दगड. मग तिसरा. मी पळू लागलो. पळताना हाका मारत होतो आणि वारा त्या तोंडातूनच काढून नेत होता. वीस वर्षे वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज तिथे दहा पावलेही जात नव्हता.

मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. पाऊस चेहऱ्यावर खालून लागू लागला. हनुवटीवर, नाकपुड्यांत थेंब खालून वर येत होते. दोन पावले मी तसाच चाललो, आणि मग कुठल्याशा पुस्तकातली ओळ आठवली, की कड्याच्या तोंडाशी वारा इतका जोराचा असतो की पाऊस उलटा उडतो. मी जागच्या जागी बसलो. हाताने पुढचे गवत चाचपले. एक हात गवत होते. त्यापुढे गवत नव्हते, काहीच नव्हते. नुसता पांढरा रंग, आणि त्यातून येणारा वारा.

मी रांगत मागे सरलो. किती वेळ रांगलो ते सांगवत नाही. माझ्या मनात माझ्या मरणाचा विचार आला नाही, हे मोठेपणाने सांगत नाही. जो विचार आला तो त्याहून वाईट होता. ही मला शोधायला उठली असेल तर? तीही याच बाजूला आली असेल तर?

तेव्हा शिट्टी ऐकू आली.

फार बारीक. आधी वाटले, पक्षी. मग पुन्हा. सहा वेळा वाजली आणि थांबली. मी उठून त्या दिशेने धावलो, आणि पुढच्या खेपेला ती डावीकडून आली. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. मग मीही एक शहाणपणाची गोष्ट केली, त्या दिवसातली पहिली. वाजेल तेव्हाच चालायचे. थांबली की थांबायचे. सहा शिट्ट्या, मग थांबणे. पुन्हा सहा. इतक्या ठराविक अंतराने की तिच्यावर घड्याळ लावावे. कधी मोठी होई, कधी बारीक. बारीक झाली की मी उलटा फिरे. शेवटी धुक्यात लाल डाग दिसला.

ही दगडावर बसली होती. गुडघे पोटाशी, शिट्टी ओठांत, डोळे मनगटावरच्या घड्याळावर. मला पाहून तिने शिट्टी काढली नाही. चाललेल्या सहा पुऱ्या केल्या, आणि मगच ती ओठांतून खाली पडली.

"पन्नास मिनिटं," ती म्हणाली.

एवढेच. मग पिशवीतून नायलॉनची दोरी काढली, एक टोक माझ्या कमरेला बांधले, दुसरे स्वतःच्या. गाठ नीट बसली की नाही ते ओढून पाहिले. "आता कुठंही जायचं नाही. इथंच बसायचं. मिनिटाला सहा शिट्ट्या, ही संकटाची खूण असते. कुणीतरी ऐकेल." हे तिला कुठून ठाऊक, असे मी विचारले नाही. क्रीडादिनापूर्वी शाळेत शिक्षकांना काही शिकवतात, ते मला आजवर ऐकण्यासारखे वाटले नव्हते.

अंधार पडला. आम्ही आळीपाळीने शिट्टी वाजवली. थंडीने हिचे दात वाजू लागले तेव्हा मी माझा कोरडा राहिलेला एकुलता एक शर्ट पिशवीतून काढून दिला. तोही तिनेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता म्हणून कोरडा. सव्वासात वाजता खालच्या बाजूला विजेरीचा उजेड हलला. पाचनईचा एक विशीतला पोरगा होता. त्याच्या घरच्यांची मंदिराजवळ झोपडी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा, पिठलं-भाकरी देतात. "शिट्टी लय वेळ आयकू येत व्हती," तो म्हणाला, "आमाला वाटलं पोरं मस्ती करत्यात. मग आय म्हणली, मस्ती करणारं असं मोजून वाजवत नाय."

झोपडीपर्यंत तो आम्हाला अर्ध्या तासात घेऊन गेला. विजेरी त्याने आमच्या पायांवर धरली होती. त्याला स्वतःला ती लागत नव्हती.

त्याच्या आईने हिला आपले कोरडे लुगडे नेसवले, मला घोंगडी दिली आणि चुलीजवळ बसवले. नाचणीची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा. मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी मागताना लाज वाटली, पण मागितली. मग झोपडीतले सारे निजले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. हिला झोप नव्हती हे मला तिच्या श्वासावरून कळत होते. वीस वर्षांच्या संसारात तेवढे कळू लागते.

"काय विचार करत होतीस, तिथं बसून?" मी विचारले.

"पोरीला फोन करून काय सांगायचं ते जुळवत होते. वाक्यच जमेना. 'अगं, बाबा' इथपर्यंत यायचं आणि पुढं कोरं." ती जरा थांबली. "तुमच्या त्या चांगदेवासारखं."

मी हसलो. ती हसली नाही.

"आणखी एक. तुम्ही 'दहा मिनिटांत येतो' म्हणालात ना, तेव्हा मला ती रात्र आठवली."

कोणती, हे विचारायची गरज नव्हती. या सदराच्या जुन्या वाचकांनाही ती आठवत असेल. २००६ च्या जुलैतली, लेकीच्या जन्माची. ही प्रसूतिगृहात होती आणि मला तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नेऊन द्यायचा होता. 'दहा मिनिटांत येतो' म्हणून गेलो, तिथे सहकारी भेटले, चहा आला, वाद रंगला, आणि तीन तासांनी परतलो तो मुलगी झालेली. पेढ्यांऐवजी उत्तरपत्रिका घेऊन हिंडणारा बाप, असे त्याचे मी इथे खुसखुशीत वर्णन केले होते. वाचकांची पुष्कळ पत्रे आली होती. हिने तो लेख वाचून "छान लिहिलंय" म्हटले होते.

"त्यात एक गोष्ट नव्हती," ती अंधारात म्हणाली. "तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासानं डॉक्टर आले. म्हणाले, बाळाचे ठोके कमी होताहेत, ऑपरेशन करावं लागेल, नवऱ्याची सही हवी. नवरा नव्हता. मी म्हटलं, मीच करते. पेन धरता येत नव्हतं. नर्सनं मनगट धरलं."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही आल्या आल्या गोष्ट सांगायला लागलात. चहाची, वादाची. इतके हसत होतात. मग तुम्ही ती लिहिलीत. छापूनच आल्यावर काय सांगायचं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. वाचकहो, शब्दांवर पोट असलेल्या माणसाला असे क्षण फार थोडे येतात, आणि आले की त्याला त्याची खरी शिल्लक कळते. मी अंधारात हात पुढे केला. तिने तो धरला नाही, झिडकारलाही नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ती दोरी सोडायची राहिलीय." खरेच राहिली होती. कपडे बदलताना तिने आपले टोक सोडून चुलीजवळच्या खांबाला बांधले होते आणि माझ्या कमरेची गाठ तशीच होती. मी दावणीला बांधलेला होतो. मी गाठ सोडू लागलो, तर ती म्हणाली, "राहू दे. झोपा."

सकाळी पाऊस उणावला होता. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर धुक्यातून हळूहळू वर आले. दगडाचे, भिजून काळे झालेले, मला फोटोंतून वाटले होते त्याहून पुष्कळ उंच. इथूनच मंगळगंगा उगम पावते. केदारेश्वराच्या गुहेपुढून पाणी असे धो धो वाहत होते की आत शिरायची सोय नव्हती. भल्या मोठ्या पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच उभा राहिला आहे, तो आम्ही लांबूनच पाहिला. मग मी ज्यासाठी आलो होतो ते मंदिराच्या परिसरातले कोरीव लेख शोधायला लागलो. पोराने एक दाखवला. अक्षरांत पाणी भरले होते, कडांवर शेवाळ होते. मी चष्मा पुसून पुसून पाहिले. ही माझ्या खांद्यावरून डोकावत होती.

"काय लिहिलंय?"

"वाचता येत नाही," मी म्हणालो.

तेव्हा ती हसली. आदल्या दुपारनंतर पहिल्यांदा, आणि अगदी खळखळून. तो पोरगाही हसू लागला. का ते त्याला ठाऊक नव्हते.

कोकणकडा पाहिल्याशिवाय जाऊ नका, असे झोपडीतल्या बाईंनी बजावले. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला या कड्यावरून ढगांत पुरे गोल इंद्रधनुष्य दिसले होते, ही माहिती मी वाटेत हिला दिली. आम्हाला गोल काय, अर्धेही दिसले नाही. कड्याच्या अलीकडे वीस पावलांवर माझे पाय थांबले. पाऊस खालून येत होता. "पुढं या की, सर," पोरगा म्हणाला. मी नाही म्हणालो. हिने माझ्याकडे पाहिले, आणि आदल्या दिवशी मी तिकडे कुठे जाऊन पोचलो होतो ते तिला तेव्हा समजले. मी सांगितले नव्हते. तिने माझ्या दंडाला धरले ते पार पाचनईत उतरेपर्यंत सोडले नाही. तिथून राजूर, घोटी, इगतपुरी आणि आगगाडी. डोंबिवलीला जिना चढताना शेजारच्या आजींनी विचारले, "भेटले का पूर्वज?" ही म्हणाली, "थोडक्यात चुकले."

कपड्यांची पिशवी मात्र खिरेश्वरला मामांच्या घरीच राहिली होती. दिवाळीनंतरच्या एका रविवारी, लेक नागपूरला परत गेल्यावर, आम्ही ती आणायला गेलो. हिने मामांसाठी फराळाचा डबा भरून घेतला होता, आणि झोपडीतल्या त्या मायलेकरांसाठी दुसरा. मामांनी पिशवी आणून पुढ्यात ठेवली. कपडे धुऊन, घडी घालून ठेवलेले होते. "चार दिस वाट पायली," ते म्हणाले. "मंग पाचनईचा मानूस भेटला, त्यानं सांगितलं, दोरीवालं जोडपं सुखरूप गेलं म्हनून." मला वाटले होते, ते 'म्हटलं नव्हतं का' म्हणतील. ते म्हणाले नाहीत. चकली मोडून तोंडात टाकली आणि म्हणाले, "आज वरती उघाड हाय. येतो संगं. पाचशे द्या."

मी हिच्याकडे पाहिले. तिने पायांत बूट आधीच चढवले होते आणि नाड्यांना दुहेरी गाठ मारत होती. दुसरा डबा टपालाने गेला नसता, हे मला तेव्हा लक्षात आले.

मामा पुढे, ही मध्ये, मी मागे, अशी रांग तिनेच लावून दिली. खिंड येईपर्यंत तिने दोनदा मागे वळून पाहिले. तिसऱ्यांदा ती वळणार तोच मी शिट्टी वाजवली. या खेपेला यादीत दोन होत्या. मोजून सहा वाजवल्या.

"पुरे," ती पुढे पाहतच म्हणाली. "आहात, कळलं."